सिंफनीतले वादळ आणि रावेरची केळी

मा. संपादक,

सुरांना भाषा नसते, म्हणून सिंफनी, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदाची अनेक भागांची मोठी रचना, जगभर सारखीच ऐकली जाते, असे नेहमी लिहिले जाते. ते पटत नाही. जर्मन संगीतकार बीथोव्हेनची नववी सिंफनी १८२४ च्या मे महिन्यात व्हिएन्नात प्रथम वाजली. जपानमध्ये ती १९१८ मध्ये बांदोच्या छावणीतल्या जर्मन युद्धकैद्यांनी वाजवली आणि आज तिथे डिसेंबर आला की हौशी गायकांचे मोठमोठे समूह तिच्या शेवटच्या भागातले समूहगान गातात. सूर तेच, पण ऐकणे जागेगणिक वेगळे.

खानदेशात ऐकवायला त्याची सहावी, म्हणजे ग्रामजीवनावरची ‘पास्टोरल’, घ्यावी. पण तंबोऱ्यावर तयार झालेला कान पहिल्यांदा अडतो तो षड्जावर, म्हणजे मूळ ‘सा’वर. पहिला भाग पेटीवरच्या पांढरी चारचा, दुसरा काळी पाचचा, शिवाय भागाच्या पोटातही षड्ज सरकतो. हे आधी सांगितले नाही तर श्रोत्याला सगळे बेसूर वाटते. दुसऱ्या भागाच्या शेवटी क्लॅरिनेटवर कुकू पक्ष्याची दोन स्वरांची उतरती हाक येते. युरोपात ती वसंताची वर्दी; ‘पेरते व्हा’ ऐकणाऱ्या आपल्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागते.

चौथा भाग वादळाचा. चेलो आणि डबल बास ही खर्जातली तंतुवाद्ये हलके गुरगुरतात, दुसरी व्हायोलिने तुटक थेंब टाकतात. मग एका मात्रेत चेलोचे पाच स्वर आणि बासचे चार एकमेकांवर घासतात, त्यातून गडगडाट उठतो. टिंपनी, म्हणजे नगाऱ्यांची जोडी, अख्ख्या सिंफनीत इथेच वाजते. चारेक मिनिटांत आभाळ मोकळे होते आणि पाचव्या भागात मेंढपाळांचे कृतज्ञतेचे गाणे सुरू होते. रावेर-यावलकडे अशा वादळात कापणीवर आलेली केळीची बाग आडवी होते. तिथल्या श्रोत्याला ते गाणे फार लवकर आले असे वाटले, तर त्याचे ऐकणे चुकीचे ठरवू नये.

अशा श्रवणाच्या आयोजकांनी पहिल्या दिवशी सगळी चाळीस मिनिटे ऐकवू नयेत. तिसरा ते पाचवा भाग पुरेत. ते न थांबता जोडलेले आहेत, अठरा-वीस मिनिटांचे. मोबाइलच्या स्पीकरवर किंवा भोंग्यावर खर्ज हरवतो आणि वादळाचा जीवच जातो, म्हणून मोठे स्पीकर लावावेत आणि पंखे बंद ठेवावेत. कुणी मध्येच ‘वाहवा’ म्हणाले तर त्याला गप्प करू नये. १७७८ मध्ये पॅरिसचे श्रोते मोझार्टच्या सिंफनीत मध्येच टाळ्या वाजवत होते, आणि मोझार्टला त्याचा आनंदच झाला होता.

– एक संगीतप्रेमी वाचक, जळगाव