‘समुद्र उरला नाही’ म्हणजे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकातला 666 हा आकडा, म्हणजे तिथल्या दुष्ट श्वापदाची खूण, आधार कार्डात आणि बारकोडात दडला आहे, असे एका वाचकाने आपल्या अंकात कळवले आहे. 2020 च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने आमच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हाही असाच मजकूर मोबाइलवर फिरत होता. मी ख्रिस्ती आहे, हे पुस्तक लहानपणापासून ऐकत आलो आहे, म्हणून हे पत्र.

हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते. अक्षरांनी अंक दाखवण्याच्या आपल्या जुन्या कटपयादी पद्धतीची आठवण व्हावी असा प्रकार. ‘नेरॉन कैसर’ हे नाव त्या अक्षरांत लिहून बेरीज केली की 666 येते. काही जुन्या हस्तलिखितांत 616 आहे. नेरॉनमधला शेवटचा ‘न’ गाळा, त्याचे 50 वजा होतात आणि नेमके 616 उरतात! म्हणजे रोख ख्रिस्ती लोकांना छळणाऱ्या रोमन सम्राट नीरोवर. श्वापदाची सात डोकी म्हणजे सात डोंगर, हे तर 17 व्या अध्यायातच सांगितले आहे. सात टेकड्यांचे शहर कोणते, हे तेव्हा कुणाला विचारावे लागत नव्हते. पात्म बेटावर बसून हे पुस्तक लिहिणारा योहान रोमला ‘बाबेल’ म्हणतो, कारण उघड नाव घेण्याची सोय नव्हती.

18 व्या अध्यायात बाबेल पडते आणि व्यापारी रडतात, आता आमचा माल कोण घेणार? सोने, मोती, हस्तिदंत, दालचिनी अशी यादी वाढत जाते आणि शेवटी येतात माणसे, म्हणजे गुलाम. इसवी सनाच्या त्याच पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत आमच्या चौलचे नाव ‘सेमुल्ला’ असे आहे. रोमच्या बाजारासाठी गलबते याच किनाऱ्यावरून जात. त्यामुळे ही यादी मला परकी वाटत नाही.

मला अडखळायला होते ते 21 व्या अध्यायाशी. नवे आकाश, नवी पृथ्वी, आणि समुद्र उरला नाही. यहुदी परंपरेत समुद्र म्हणजे उलथापालथ, भीती. श्वापदही समुद्रातूनच वर येते. शिवाय योहान ज्या सात मंडळ्यांना, म्हणजे ख्रिस्ती समुदायांना, लिहितो, त्या समुद्रापलीकडे. हे समजते. पण आम्ही नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहताना पाहत वाढलेली माणसे!

शेजारच्या कोळीवाड्यातल्या एका आजींना मी हे एकदा सांगितले. “दर्या नाय, तर खायाचा काय?” त्या म्हणाल्या. मी सांगितले, पुढे एक नदी आहे, काठावर झाड आहे, त्याला दर महिन्याला फळ येते. आजींनी जाळ्याची गाठ मारली.

“नदी हाय ना? मंग खाडी पन आसंलच.”

आपला,
एक वाचक
रेवदंडा, ता. अलिबाग