पुण्याच्या सिस्टरना, विट्याकडून

सिस्टर,

नमस्कार. तुमचं नाव इथे लिहीत नाही, माझंही लिहिणार नाही. तुम्ही पुण्याला एचआयव्हीच्या अभ्यासात होतात आणि आम्ही सांगली जिल्ह्यातून, विट्याकडून आलेलं जोडपं. नवरा गलाईवाला, तो पॉझिटिव्ह, मी निगेटिव्ह. एवढ्यावर तुम्ही ओळखाल.

आभार तेव्हाही मानले होते, पण "बरं, येतो सिस्टर" याच्या पुढे तोंडातून काही निघालं नव्हतं. आता लिहायला बसले तर आधी राग बाहेर येतोय. तो काढल्याशिवाय पुढचं नीट लिहिता यायचं नाही.

खानापूर-आटपाडीकडच्या कितीतरी घरांतला माणूस परमुलखात सोनं-चांदी गाळतो आणि सणा-यात्रेला गावी येतो. हेही तमिळनाडूतल्या दुकानातून असेच आले होते, आणि हर्निया फारच दुखतोय म्हणून जिल्ह्यातल्याच एका दवाखान्यात दाखवलं. रक्त घेतलं. कशाकशासाठी घेतलं ते कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी भर व्हरांड्यात, आमच्या चुलत दिरांच्या देखत, तिथला माणूस म्हणाला, "यांचं ऑपरेशन इथं होणार नाही. यांना एड्स आहे." होता नुसता एचआयव्हीचा संसर्ग, एड्स नव्हे, ती फार पुढची पायरी, पण तेवढं बघायला वेळ कुणाला? केसपेपरवर लाल पेनानं ठळक लिहिलेलं. संध्याकाळी घरी पोचलो तर बातमी आमच्या आधी पोचली होती. ते दुखणं ह्यांना कुठून आलं, कसं आलं, हे मी कधी विचारलं नाही, इथेही लिहिणार नाही. हे मात्र एवढंच म्हणाले, "आमच्यात सोन्याचा तुकडा तपासायला कापायचा तरी गिऱ्हाइकाला विचारतात."

मग धाकटे दीर भोसरीत कंपनीत होते, त्यांच्याजवळ बिऱ्हाड केलं. तिथून तुमच्यापर्यंत कसे आलो ते राहू दे.

मला आठवतो तो तुमच्या टेबलावरचा कागद. मराठीत छापलेला, पानंच्या पानं. इथे औषध मिळतं एवढंच आम्ही ऐकलं होतं. त्या दिवशी कुणी शेताचा सातबारा लिहून मागितला असता तरी दिला असता. ह्यांनी सही करायला पेन उचललं सुद्धा. तुम्ही ते हातातून काढून घेतलंत, टोपण लावलंत, एप्रनच्या खिशात अडकवलंत आणि म्हणालात, "आज नको. घरी न्या, वाचा, दोघं भांडा, कुणाला विचारायचं तर विचारा. मग या."

सिस्टर, त्या व्हरांड्यापासून तुमच्या टेबलापर्यंत आम्हाला कुणी काही विचारलंच नव्हतं. जो तो सांगत होता. पहिल्यांदा कुणीतरी आमच्या होकाराला किंमत दिली, आणि तीही आम्ही होकार फुकटात द्यायला बसलेले असताना.

घरी जाऊबाई म्हणाल्या, "तुमच्यावर प्रयोग करतायत, उंदीर करून ठेवतील." मी ते जसंच्या तसं येऊन तुमच्या तोंडावर फेकलं. तुम्हाला राग आला नाही. "हो, प्रयोगच आहे. म्हणून तर विचारतेय." मग सगळं उलगडून सांगितलंत. औषध लवकर दिलं तर जोडीदाराची लागण टळते का, ते बघायचं. काही जोडप्यांत औषध लगेच सुरू होणार, काहींत सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, खाली गेल्यावर, आणि आम्ही कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठीसारखं नशिबानं ठरणार, तुमच्या हातात नाही, डॉक्टरांच्याही नाही. शेवटी एका ओळीवर बोट ठेवून माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलंत : अभ्यासातून कधीही बाहेर पडता येईल, त्यामुळे उपचारात अडचण येणार नाही.

आमची चिठ्ठी उशिराची निघाली. मी तुमच्यावरच डाफरले. त्या काळी बाहेरही सीडीफोर बराच खाली आल्याशिवाय गोळ्या देत नसत, हे माहीत असूनही डाफरले. तुम्ही ऐकून घेतलंत, मग माझ्यासाठी पाणी आणलंत.

मे २०११ मध्ये निकाल ठरल्यापेक्षा चार वर्षं आधीच जाहीर झाला. एचपीटीएन ०५२ असं त्या अभ्यासाचं नाव. नऊ देशांतली १,७६३ जोडपी. जोडीदाराकडूनच झालेल्या २८ लागणी सापडल्या, त्यातल्या २७ आमच्यासारख्या उशिराच्या गटात आणि लवकर औषध मिळालेल्यांत फक्त एक. ९६ टक्के फरक. मग सगळ्यांनाच गोळ्या देऊ केल्या. त्या २७ जणांत मी नव्हते. पण ती माणसंही माझ्यासारखीच कागद वाचून, सही करून बसलेली होती. हा आकडा कुठे छापलेला दिसला की मी टक्क्यांच्या आधी २७ वाचते.

मागे सांगलीत गोळ्या आणायला गेलो, तर एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात तिथे, नवीन पोरगी काउन्सेलर. मला समजावू लागली, "मावशी, रोज गोळी घेतली आणि रक्तात विषाणू आढळला नाही, तर जोडीदाराला लागण होत नाही. घाबरू नका." किती सहज म्हणाली! पावसाळ्यात छत्री न्या म्हणावं तसं. २०१७ पासून सीडीफोर कितीही असो, निदान झालं की लगेच औषध देतात. रोज एक गोळी, तीही फुकट. त्या पोरीला सांगावंसं वाटलं की बाई गं, तुझ्या या वाक्यात पुण्याच्या एका सिस्टरचं पेन आहे. बोलले नाही. मागे रांग होती.

चांगली माणसं गावातही निघाली, नाही असं नाही. शेजारच्या काकू बातमी फुटली त्याच वर्षी संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं करायला दारात आल्या, काही घडलंच नाही अशा. आणि ज्यांना सगळे नावं ठेवतात, त्या सांगलीतल्या धंद्यातल्या बाया संग्राम संस्थेबरोबर नव्वदच्या दशकापासून दारोदार निरोध वाटत, माहिती सांगत फिरल्या. तेव्हा शिकलेसवरलेले नाक मुरडत होते. आता न विचारता एचआयव्हीची तपासणी करायची नाही आणि त्या कारणावरून उपचार नाकारायचे नाहीत, असा कायदाच आहे. २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू. त्या दवाखान्यानं तो भिंतीवर लावला असेल का, कुणास ठाऊक. तुम्ही मात्र कायद्याची वाट बघितली नव्हती.

हर्नियाचं ऑपरेशन शेवटी मिरजेत झालं, हे कळवायचं राहिलं होतं. भुलीच्या डॉक्टरांनी सहीचा कागद पुढे केला, तेव्हा हे म्हणाले, "घरी नेऊन वाचू का?" डॉक्टर हसले. म्हणाले, "इथंच वाचा, मी थांबतो." आणि खरंच खुर्ची ओढून बसले.

तुमची,
विट्याकडची