रविवारची क्वाड बाईक (चारचाकी मोटारसायकल) फेरी : निघण्याआधी वाचा

मंडळी, रविवारी सकाळी ६.३० वाजता वाळपई बसस्थानकापाशी जमायचं.

गेल्या डिसेंबरची फजिती आठवतेय ना? व्हाळात (ओढ्यात) पाणी जेमतेम गुडघाभर, तरी तीन गाड्या अडकल्या. इंजिन धडधडतंय, चाकं ढिम्म. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या बेल्टच्या डब्यात पाणी शिरलं की बेल्ट घसरतो. म्हणून यंदा व्हाळ एकेकानेच, सावकाश ओलांडायचा.

काजूच्या बागेतल्या उतारावर दवाने भिजलेला पाचोळा साबणासारखा होतो. वळताना अंग आतल्या बाजूला झुकवा, थ्रॉटलवरचा (वेग वाढवायच्या खटक्यावरचा) अंगठा सैल सोडा. (आपले खजिनदार कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, पाटात बसले होते, हातातला उंडो पाव मात्र कोरडा!)

म्हादई अभयारण्याच्या हद्दीत गाडी घालायची नाही, वाट कितीही जवळची असो. हेल्मेट, घोट्यापर्यंतचे बूट हवेतच. दोरखंड मी आणतो. भाजी-पावाचे पैसे शुक्रवारपर्यंत द्या.