सर, तुम्ही माझे पाय धरलेत

सर,

काल जिल्हा मैदानी स्पर्धेत शंभर मीटरला चौथा आलो. पदक नाही. तरी रेषा ओलांडून खाली बसलो आणि रडलो. घरच्यांना वाटलं, हरलो म्हणून. खरं तर दोन वर्षांत पहिल्यांदाच उजव्या मांडीच्या मागे ते ‘टक्’ न होता शेवटचे वीस मीटर पळालो होतो.

ते ‘टक्’ मी दोनदा भोगलंय. पहिल्या वेळी आमचे तेव्हाचे कोच म्हणाले, “नस चढलीय, तेल लाव.” तीन आठवड्यांनी रिलेला एक पोरगा कमी पडला, म्हणून मला उतरवलं. बॅटन हातात आली आणि दहा-बारा पावलांत मी आडवा. वर ऐकवलं, “आजकालच्या पोरांत दमच नाही.” एकदा फाटलेला हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, पुन्हा फाटण्याचा धोका सगळ्यात मोठा असतो, हे गळ्यात शिट्टी अडकवून फिरणाऱ्या माणसाला माहीत नसावं? असो. कडू लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तुम्ही पहिल्या दिवशी मोबाइलवर २०१७ च्या लंडनच्या जागतिक स्पर्धेतली रिले दाखवलीत. शेवटच्या टप्प्यात उसेन बोल्ट लंगडतो, कोसळतो. “याच्यात दम नव्हता का रे?” एवढंच विचारलंत. दोन वर्षांचं ओझं तिथेच उतरलं.

मग तुमची ती उतारावरच्या बैलगाडीची उपमा. पाय पुढे झेपावतो, जमिनीला टेकणार, तेवढ्यात पूर्ण ताणलेल्या हॅमस्ट्रिंगला नडगी रोखून धरावी लागते. उतारावर गाडी अंगावर घेणाऱ्या बैलासारखी. म्हणून नुसतं वाकून अंगठे धरण्यावर भागत नाही, ताणलेलं असतानाच जोर लावायची सवय हवी. नॉर्डिक नावाचा व्यायाम त्यासाठी. हा व्यायाम नेमाने करणाऱ्यांत अशा दुखापती जवळपास निम्म्यावर येतात, असं मुख्यतः फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांत दिसलंय, हे मी नंतर वाचलं. तेव्हा फक्त तुमच्यावर विश्वास ठेवला होता.

गुडघे टेकायचे, अंग फळीसारखं ताठ, सावकाश पुढे झुकायचं. आणि मागून कुणीतरी घोटे दाबून धरायचे. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेला माणूस, पहाटे साडेपाचला, दवाने ओल्या मैदानावर. स्वतःच्या टॉवेलची घडी माझ्या गुडघ्यांखाली, तुमचे गुडघे मात्र खड्यांवर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “सर, पाय मी तुमचे धरायचे.” “ते नंतर बघू. आधी झुक.”

पहिल्या आठवड्यात पाच-पाचचे दोनच सेट, तरी जिना उतरताना आई गं व्हायचं. पुढे पूर्ण वेगाच्या धावा आल्या तेव्हा मी टाळाटाळ केली. “सरावात जपून आणि स्पर्धेत सुसाट, मग फाटेल नाही तर काय?” म्हणालात, आणि बरोबरच होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर वेगळंच येतं. तुमच्या राखाडी पँटवर गुडघ्यांपाशी लाल मातीचे दोन गोल डाग, आणि ते तसेच घेऊन मंडईतून भाजी घेत घरी जाणारे तुम्ही. फीचा विषय काढला की ऐकूच न आल्यासारखं करायचात. अशी माणसं गावात असतात, फक्त त्यांच्या नावाचा फ्लेक्स कुठे लागत नाही.

काल संध्याकाळी तुमचा फोन आला. कितवा आलो, हे विचारलंच नाहीत. “मागे काही ओढलं का?”

नाही सर. काही ओढलं नाही.

तुमचा,
उजव्या पायवाला