जुन्या घड्याळांची तबकडी रंगवू नका

महोदय,

वडील-आजोबांची कपाटात पडून असलेली एचएमटीची चावीची घड्याळे दुरुस्त करून वापरण्याकडे पुण्यातील तरुणांचा ओढा दिसतो, याचा मनापासून आनंद वाटतो. मात्र अनेकदा मूळ तबकडी नव्याने रंगवून आणि धातूचे बाहेरचे कवच (केस) घासून चकचकीत करून घड्याळ परत दिले जाते, आतले वाळलेले तेल मात्र तसेच राहते. सर्व्हिसिंग म्हणजे यंत्र पूर्ण सुटे करून प्रत्येक चाक धुणे आणि जागेनुसार पातळ किंवा दाट तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब देणे. तासाला १८,००० ठोके देणाऱ्या बॅलन्स व्हीलचा, म्हणजे मागे-पुढे झुलत वेळ राखणाऱ्या चाकाचा, आस तेलाअभावी झिजतो. उलट जादा तेल हेअरस्प्रिंगपर्यंत, म्हणजे या चाकाच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगपर्यंत पसरले, तर तिची वेटोळी एकमेकांना चिकटून घड्याळ भलतेच पुढे धावू लागते. डोळ्याला भिंग लावून हे काम निगुतीने करणारे कारागीर आपल्या पेठांत आजही आहेत, त्यांना पुरेसा वेळ आणि योग्य मजुरी द्यायला हवी. तबकडीला हात लावायचा नाही, हे ग्राहकांनी पावतीवर लिहून घ्यावे आणि बदललेले सुटे भाग परत मागावेत. औंधच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने अशा कारागिरांना शिकवण्यासाठी सन्मानाने बोलवावे, ही विनंती.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे