माग

ओतूर, ता. जुन्नर
मार्गशीर्ष, गुरुवार रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. शेवटी जाता जाता तू एक ओळ लिहिलीस, "पन्नाशी उलटली, तरी अजून शिकारीचीच पुस्तकं वाचतोस का रे? मेलेल्याची गोष्ट मारणाऱ्यानं सांगायची, त्यात खरं किती असणार?" या ओळीला उत्तर लिहायला मी पाच-सहा वेळा बसलो आणि उठलो. दरम्यान इथे जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही, म्हणून पत्र लांबणार. चहा ठेव आणि वाचायला बस.

आधी आपल्या पुस्तकाबद्दल. पुण्यात खोलीवर राहत होतो तेव्हा रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून आपण जिम कॉर्बेट या शिकाऱ्याचं 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' घेतलं होतं. तू मोठ्यानं वाचायचास आणि मी डिक्शनरी मांडीवर घेऊन अडलेले शब्द शोधायचो. ते १९४४ साली आपल्या मुंबईतूनच छापून निघालं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा कॉर्बेट सत्तरीला टेकला होता आणि पहिल्या आवृत्तीचे पैसे त्यानं युद्धात डोळे गेलेल्या हिंदी सैनिकांच्या संस्थेला दिले. त्या वयात आपण चंपावतच्या वाघिणीची गोष्ट पुन्हा पुन्हा वाचायचो. ४३६ माणसं खाल्लेली वाघीण, १९०७ साल, हाकारा घालायला जमलेली २९८ माणसं! अंगावर काटा यायचा. आपल्याला त्या आकड्यांचंच अप्रूप होतं. शेवटी त्यानं तिचं तोंड उघडून पाहिलं आणि उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे जुन्या गोळीनं तुटलेले आढळले, हा भाग आपण भराभर उरकायचो. आज मला ती गोष्ट तिथूनच सुरू होते असं वाटतं. कुणीतरी नेम चुकवला, जनावर जखमी होऊन जगलं, त्याला नेहमीची शिकार जमेना आणि डोंगरातल्या चारशेवर घरांत रडारड झाली. सगळ्या मुलखाला ती चेटकीण वाटत होती, आणि हा माणूस मेलेल्या वाघिणीचे दात बघत बसला.

पण मी अलीकडे परत परत वाचतो ती चौगढच्या वाघिणीची गोष्ट. आठवतेय? तिचं एक मोठं झालेलं पिल्लू होतं, दोघं बरोबर हिंडायची. एक दिवस दोघं एकदम कॉर्बेटच्या समोर आली. एकाचा रंग फिका, दुसऱ्याचा गडद. फिका रंग म्हणजे वय झालेलं, म्हणजे हीच आई, असा त्यानं हिशेब केला, नीट नेम धरला आणि गोळी घातली. मेलं ते पिल्लू. आई निसटली. पुढच्या बारा महिन्यांत तिनं आणखी पंधरा माणसं मारली. हे सगळं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. मित्रा, त्याच्या मनातला हिशेब दुसऱ्या कुणीही पाहिला नव्हता. दोन वाघ दिसले, एक मारला, एवढंच लिहिलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. नजरेनं काय टिपलं, डोक्यानं त्यावर काय रचलं, आणि त्या रचण्यापायी कोण मेलं, हे त्यानं वेगवेगळं करून मांडलं. कुठल्या गावात किती माणसं गेली याची यादीसुद्धा त्या गोष्टीत आहे, बेरीज ६४.

आता इथलं सांगतो.

आमच्या शेजारच्या काकू तुला माहीत आहेत. एकट्या राहतात, चार शेळ्या हाच त्यांचा संसार. दिवाळीनंतर पाचव्या-सहाव्या रात्री शेळ्या ओरडल्या. मी बॅटरी घेऊन धावलो. गोठ्यामागे लगेच ऊस आहे. उसाचे शेंडे हलले, पाचट करकरलं आणि उजेडात दोन डोळे चमकले, विझले. बस, इतकंच. शेळी मागच्या बाजूनं फाडलेली होती, पोट उघडं पडलं होतं. काकू तिच्यापाशी बसून राहिल्या. मी शेळीवर गोणपाट टाकलं आणि जमलेल्या लोकांना म्हणालो, "बिबट्या. मी पाहिला."

पाहिला! या शब्दाचं काय करू सांग. आपल्याकडे आवाज म्हणजे बिबट्या, चमकलेले डोळे म्हणजे बिबट्या. तो उसात राहतो, तिथेच पिल्लं घालतो, ऊसतोडीला दर हंगामात बछडी सापडतात. त्यामुळे माझ्यावर कुणी अविश्वास दाखवला नाही, आणि मास्तरचा शब्द म्हणून त्याला वजन आलं. उजाडेपर्यंत अख्ख्या वस्तीनं ती माती तुडवली होती. पंचनामा झाला तो माझ्या सांगण्यावर, पंच म्हणून सहीही माझी. भरपाईचा अर्ज गेला. पिंजरा लागला आणि पाचव्या रात्री त्यात बिबट्या अडकला.

मी बघायला गेलो होतो. गजांवर धडका देऊन त्याचं नाक सोललं होतं. जबड्याला लागलेलं रक्त शेळीचं नव्हतं, त्याचं स्वतःचंच होतं. पोरं मोबाइल काढून उभी होती. तो सगळ्यांच्या पलीकडे, उसाकडे बघत होता. दुपारी त्याला गाडीत घालून नेलं आणि वस्तीनं सुटकेचा श्वास सोडला.

चार दिवसांनी काकूंची दुसरी शेळी गेली. तशीच, मागून फाडलेली.

या खेपेला आदल्या संध्याकाळी उसाला पाणी दिलेलं होतं, बांधालगतची माती लोण्यासारखी मऊ होती. लोक जमायच्या आत मी पलीकडच्या माळावरच्या पारध्यांच्या वस्तीवर गेलो. तिथला एक म्हातारा लहानपणी बापाबरोबर वाघरी, म्हणजे शिकारीची जाळी, लावायला जायचा. त्याला घेऊन आलो. तो उकिडवा बसला, बराच वेळ काही बोलला नाही. मग काडीनं एका ठशाभोवती हळूच रेघ ओढली आणि म्हणाला, "मास्तर, नख हाय का बघा." बोटांच्या पुढे चार बारीक टोचे होते. सुईनं टोचल्यासारखे. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, कुत्र्याला ते जमत नाही, हे मी वर्गात पोरांना शिकवलेलं आहे! मग त्यानं शेळीच्या गळ्याखाली हात घालून मान वर केली. गळ्यावर ओरखडाही नाही. "बिबट्या गळा धरतो. ही मागनं वढल्याली हाय. कुत्री हायती, चार-पाच." ठशांतून त्यानं ती पाच वेगळी काढूनसुद्धा दाखवली. त्यातलं एक डाव्या पुढच्या पायानं लंगडतं.

पहिल्या शेळीचा गळाही साबूत होता. गोणपाट मी टाकलं होतं, मला दिसला होता तो. पण माझं मत रात्रीच ठरून गेलं होतं, सकाळी त्यापुढे डोळ्यांचं काही चाललं नाही.

त्या रात्री मला दशरथ आठवला. तोही शिकारच करत होता. पावसाळ्याची रात्र, शरयूचा काठ, अंधारात घागर भरल्याचा बुडबुड आवाज, आणि हत्ती पाणी पितोय असं समजून सोडलेला शब्दवेधी बाण. लहानपणी आपल्याला शब्दवेध ही केवढी विद्या वाटायची. वाल्मीकींनी ती गोष्ट दशरथाच्या मरणाच्या रात्री, त्याच्याच तोंडून कौसल्येला सांगवली आहे. रामाला वनात धाडून बसलेला राजा, आणि इतक्या वर्षांनी त्याला आठवतंय की मी न बघता बाण सोडला होता. मला वाटतं, आपल्या परंपरेतली खरी शिकारकथा हीच, आणि तीही चूक केलेल्यानंच सांगितलेली आहे.

आणखी एक गंमत मला कोश चाळताना सापडली, ती तुझ्यासाठी राखून ठेवलीय. संस्कृतात 'मृग्' म्हणजे शोधणं. 'मृग' म्हणजे मुळात कुठलंही रानातलं जनावर, हरीण नंतर. त्याच कुळातला 'मार्ग', जनावराच्या मागानं पडलेली वाट. 'मार्गण' म्हणजे शोधही आणि बाणही. हा 'मार्ग' प्राकृतातून घासत घासत मराठीत आला तो 'माग' होऊन. आपण माग काढतो, मागावर असतो. मागणं हा शब्दसुद्धा त्याच घरातला. आपल्या पूर्वजांना शोधायला, विचारायला आणि शिकार करायला एकच धातू पुरत होता. म्हणून म्हणतो, शिकारीच्या पुस्तकातून माग काढायला शिकतो आहे असं समज. बंदुकीचा भाग मीही हल्ली उडीच मारून जातो.

तुझ्या म्हणण्यात तथ्य आहेच. वाघ किती फूट किती इंच, यातच रमलेली शिकारपुस्तकं ढिगानं आहेत, मला ती वाचवत नाहीत. आणि कॉर्बेटलाही मी सगळं माफ करत नाही. पवळगढचा तो थोराड वाघ नरभक्षक नव्हता, त्याला मारायचं काही कारण नव्हतं, आणि ती गोष्ट वाचताना आजही मन खट्टू होतं. पण रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याची गोष्ट बघ. १९१८ ते १९२६, केदार-बद्रीच्या यात्रेची वाट, १२५ बळी. लोकांना तो बिबट्या वाटेचना, पिशाच्च वाटायचं; एका साधूवर संशय घेऊन जमाव त्याच्या जिवावर उठला होता. अशा दहशतीत एक बिबट्या पडतो, सगळे आनंदानं म्हणतात हाच तो, आणि कॉर्बेट एकटा म्हणतो, मला नाही वाटत, दारं बंद ठेवा. थोड्याच अवधीत पुन्हा बळी गेला. शेवटी १९२६ च्या मे महिन्यात, गुलाबराईच्या आंब्याच्या झाडावरून त्यानं तो मारला, तेव्हाही पुढाऱ्यासारखी घोषणा केली नाही. मागच्या पायाला जुन्या गोळीची खूण आहे का, ते आधी तपासलं.

आणि सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. ज्या म्हाताऱ्यानं मला खरं दाखवलं, त्याच्या समाजावर इंग्रजांनी १८७१ पासून आणलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांखाली जन्मानं गुन्हेगार असा शिक्का मारला. कायदा १९५२ ला गेला, शिक्का अजून आहे. आमच्याच वस्तीवर कोंबडी हरवली तरी आधी माळाकडे बोट जातं. माग न काढता. हे मी इतकी वर्षं ऐकत आलो आणि गप्प बसलो, हेही तुला लिहिलं पाहिजे.

पुढे काय केलं ते सांगतो. बिबट्यानं जनावर मारलं तर भरपाई मिळते, भटक्या कुत्र्यांनी मारलं तर मिळत नाही. काकूंचे पैसे यायचे होते. दोन रात्री झोप नाही. घरात हिचं म्हणणं पडलं, "गप्प राहा, बिबट्या तर गेलाच, बाईचे पैसे कशाला घालवता?" तिचं चुकीचं आहे असं मला छातीठोक म्हणता येईना. तरी तिसऱ्या दिवशी जाऊन मी लेखी दिलं की मी बिबट्या पाहिला नव्हता, दोन डोळे पाहिले होते, आणि गळ्यावर दात नव्हते. अर्ज थांबला. मी शेळीचे पैसे घेऊन काकूंकडे गेलो, त्यांनी ते ओट्यावर ठेवू दिले नाहीत. "तेव्हा पाहिला म्हणालास, आता नाही म्हणतोस. तुझं कुठलं धरू?" तेव्हापासून आमच्यात बोलणं नाही.

त्या बिबट्याचं काय होणार, हे डोक्यातून जात नाही. तुला 'आजोबा' नावाचा बिबट्या आठवतो का? २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला, गळ्यात माग कळवणारा पट्टा बांधून माळशेजला सोडलेला. घाट, रेल्वे, हमरस्ते ओलांडत तो सुमारे १२० किलोमीटर चालून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. आणि आपल्याच तालुक्यातल्या अभ्यासानं दाखवून दिलं की पकडून दुसरीकडे सोडलेल्या बिबट्यांमुळे माणसांवरचे हल्ले वाढले. म्हणजे एका चुकीच्या 'पाहिला'चा हिशेब शेळीपाशी मिटत नाही. माझ्या शब्दानं पकडलेलं जनावर उद्या कुठे, कुणाच्या दारात जाईल, मला सांगता येणार नाही.

सध्या रोज रात्री अकराला काकूंच्या गोठ्याला बाहेरून चक्कर मारतो. परवा लंगडं कुत्रं दिसलं. या वेळी बॅटरी त्याच्यावर धरून ठेवली, ते वळेपर्यंत. डावा पुढचा पाय.

संक्रांतीला येतोस ना? येताना आपलं पुस्तक घेऊन ये, ते तुझ्याकडेच राहिलं आहे. चौगढच्या गोष्टीत तू पेन्सिलीनं एक रेघ मारली होतीस आणि मी त्यावरून तुझ्याशी भांडलो होतो, लायब्ररीचं असतं तर दंड झाला असता म्हणून. ती रेघ नेमकी कुठल्या वाक्याखाली होती, हे मला बघायचंय. मला आठवतं ते पिल्लाच्या वाक्याखाली. पण आठवतं म्हणून तसंच असेल, असं आता म्हणत नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मास्तर