बागेसमोर रस्ता ओलांडायला जागा हवी. मोजणीसाठी दोन दिवस द्या

सप्रेम नमस्कार,

बागेच्या मोठ्या फाटकासमोर दुभाजकाचे दोन ब्लॉक निखळून फट पडली आहे. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिथे दहा मिनिटं उभं राहून बघा. परवा मी उभा होतो. एक आई त्या फटीत अडकली होती. एका हातात पाण्याची बाटली आणि बॅडमिंटनची रॅकेट, दुसऱ्या हातात चार-पाच वर्षांच्या मुलाचं मनगट. हात नव्हे, मनगट. कारण हात निसटतो हे प्रत्येक आईला ठाऊक असतं. दुभाजकाला लागून येणारी एक कार थांबली, चालकानं हातानं "जा" अशी खूण केली. ती दोन पावलं पुढे गेली आणि कारच्या पलीकडच्या बाजूनं एक स्कूटर सुसाट निघून गेली. तिनं मुलाला इतक्या जोरात मागे खेचलं की बाटली हातातून सुटून घरंगळत गेली आणि पलीकडून येणाऱ्या टेंपोखाली चपटी झाली. मूल रडलं नाही. ते त्या बाटलीकडे बघत राहिलं.

कारवाला भला माणूस होता. स्कूटरवाल्याला कारच्या आडोशामुळे ती बाई दिसलीच नसणार. चूक जागेची आहे. तिथे माणसं रस्ता ओलांडतात हे रस्त्याला कुणी सांगितलेलंच नाही. पट्टे नाहीत, पाटी नाही, दिवा आहे तो झाडाच्या फांदीत गेलेला.

परिसरातल्या सोसायट्यांच्या समन्वय समितीनं इथे पादचाऱ्यांसाठी क्रॉसिंग करून मिळावं म्हणून अर्ज दिला आहे. त्यावर आपल्याला विचारणा झाली आहे : तिथून किती लोक ओलांडतात, कुठल्या वेळी, आणि रहिवाशांचं याबद्दल एकमत आहे का? प्रश्न रास्त आहेत आणि आपल्याकडे आज यातल्या एकाचंही नीट उत्तर नाही. "खूप लोक ओलांडतात" हे उत्तर होत नाही. म्हणून हे आवाहन.

आधी हिशेब समजून घेऊ, कारण तो समजला की मोजणीला माणसं का हवीत हे आपोआप कळेल. दोन चौकांच्या मधे क्रॉसिंग द्यायचं की नाही हे ठरवायला इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या पुस्तिकेत (आयआरसी १०३) एक साधं सूत्र दिलेलं आहे. गर्दीच्या एका तासात ओलांडणाऱ्यांची संख्या घ्यायची, त्याच तासात दोन्ही दिशांनी जाणाऱ्या वाहनांची संख्या घ्यायची, वाहनांच्या संख्येचा वर्ग करायचा आणि त्याला माणसांच्या संख्येनं गुणायचं. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार १० कोटींच्या वर गेला पाहिजे, दुभाजक असलेल्या रस्त्यावर २० कोटींच्या वर. म्हणजे आपल्या रस्त्यावर तासाला १,००० वाहनं असली तर २०० माणसं लागतील. वाहनं २,००० असली तर ५० माणसं पुरतात. वाहनं दुप्पट झाली की माणसांची गरज एक चतुर्थांशावर येते. त्यामुळे नुसती माणसं मोजून भागत नाही, वाहनंही तितक्याच काळजीनं मोजावी लागतात. एका माणसाला दोन्ही जमत नाही, हे मी स्वतः करून पाहिलं आहे. रिक्षा मोजत असताना तीन आजोबा पलीकडे गेलेले कळतही नाहीत.

हे सूत्र एवढी एकच कसोटी नाही. ओलांडण्यासाठी फार वेळ ताटकळावं लागतं का, त्या जागी अपघात झाले आहेत का, वाहनांचा वेग किती, हेही पाहिलं जातं. म्हणून गेल्या काही वर्षांत तिथे कुणाला धक्का लागला असेल, कुणी पडलं असेल, तर ते कळवा. हाड मोडलं नसलं, पोलिसांत गेला नसलात तरी कळवा. आमच्या शेजारच्या काकूंना दोन वर्षांपूर्वी तिथेच एका दुचाकीचा आरसा लागला. मनगटाला प्लास्टर होतं, दीड महिना त्यांना कणीक मळता आली नाही. त्याची कुठेही नोंद नाही, कारण "जाऊ दे, पोरगा कॉलेजचा होता" म्हणून त्यांनी सोडून दिलं. अशा सगळ्या "जाऊ दे" आता कागदावर यायला हव्यात.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. मोजणीत सापडतात ते रस्ता ओलांडणारे लोक. ज्यांनी ओलांडणंच सोडून दिलं ते कुठल्याच तक्त्यात येत नाहीत. बागेच्या समोरच्या बाजूला निदान चार इमारती अशा आहेत, जिथले ज्येष्ठ पूर्वी रोज सकाळी हास्यक्लबला यायचे आणि आता येत नाहीत. विचारलं तर "गुडघे दुखतात" म्हणतात. थोडं आणखी बसलं, चहा झाला, की खरं बोलतात : बाग चालते हो, तो रस्ता होत नाही. एक आजोबा आता गच्चीत फेऱ्या मारतात. गच्चीवरून त्यांना बागेतलं पिंपळाचं झाड दिसतं. शाळकरी मुलांचंही तेच. दहा वर्षांच्या मुलीला एकटीला झोपाळ्यावर पाठवायला आई तयार नाही, आणि सोबत जायला आईला वेळ नाही, म्हणून मुलगी घरातच. रस्त्यावर उभं राहून मोजणारा अशा घरी कधीच पोचणार नाही. त्यासाठी दारोदार जाऊन विचारावं लागेल. मोजणीइतकंच हे काम मोलाचं आहे. घरोघरी जाऊन बोलण्याची हातोटी असलेल्या महिलांची आणि कॉलेजच्या मुलामुलींची आम्हाला फार गरज आहे.

ज्यांना हे सगळं जास्तीचं वाटतं त्यांच्यासाठी एक छोटं गणित. रस्ते आखताना माणसाच्या चालीचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. दुभाजकापर्यंतचा सात मीटरचा अर्धा रस्ता अशा माणसाला सहा सेकंदांत होतो. काठी टेकत सेकंदाला ०.८ मीटरनं चालणाऱ्या आजींना जवळजवळ नऊ सेकंद लागतात. ताशी ५० किलोमीटरनं येणारी गाडी नऊ सेकंदांत १२५ मीटर पुढे येते. आजींनी पाऊल टाकलं तेव्हा ती गाडी वळणावरच्या मेडिकलच्याही मागे असते, त्यांना दिसतही नाही. तीच गाडी ताशी ३० नं आली तर नऊ सेकंदांत ७५ मीटरच येते, आणि थांबायला वेळही मिळतो. आजींना पळायला सांगण्यापेक्षा गाडीला हळू यायला लावणं सोपं आहे.

आपल्यात याबद्दल एकमत नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. समोरच्या दुकानदारांना भीती आहे की क्रॉसिंग झालं की दारातलं दुचाकी पार्किंग जाईल. क्रॉसिंगच्या लगत गाड्या लावू दिल्या जात नाहीत, कारण उभ्या गाडीच्या आडून बाहेर येणारं मूल चालकाला दिसत नाही. म्हणजे काही गाड्यांची जागा जाईल हे खरं आहे, आणि दुकानदारांना आम्ही ते तोंडावर सांगितलं आहे. पण बागेतून बाहेर पडणारा माणूस आज रस्ता ओलांडायला नको म्हणून त्यांच्या दुकानाकडे वळतच नाही, हेही त्यांनी एकदा मोजून बघावं. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केले तेव्हा काय काय बोललं गेलं होतं ते पुणेकरांना आठवत असेल. आज संभाजी उद्यानापासून त्याच पदपथावरून लोक निवांत चालत जातात, बाकांवर बसतात.

काहींचं म्हणणं, चौकातला सिग्नल आहे की, तिथून ओलांडा. मी पावलं मोजली : फाटकापासून सिग्नलपर्यंत २६०. जाऊन परत म्हणजे ५२०, तेही मधे पदपथावर डीपी बॉक्स आणि भाजीच्या दोन गाड्या असताना. तरुण माणूस चालेल. ज्याच्यासाठी बाग सगळ्यात गरजेची आहे तो चालणार नाही. पादचारी पुलाचीही सूचना आली. त्याला जिने चढावे लागतात, आणि आपल्याच शहरातले किती पूल रिकामे पडलेत आणि लोक खालून पळतात, ते आपण रोज बघतो.

गतिरोधकाला विरोध करणाऱ्यांचं मात्र मला पटतं. कुठेही, कितीही उंच टाकलेला गतिरोधक पाठीचा खुळखुळा करतो आणि रात्री टेंपोतले क्रेट आदळून शेजारच्यांची झोप मोडतो. नुसते पांढरे पट्टे ओढून मोकळं व्हायचं हेही धोक्याचं आहे. रंग पाहून माणूस निर्धास्त होतो, गाडी मात्र आधीच्याच वेगानं येते. समितीच्या मते इथे हवं आहे ते उंचावलेलं क्रॉसिंग. म्हणजे पट्ट्यांची जागाच पदपथाच्या पातळीला उचललेली, दोन्हीकडे हलका उतार. गाडीला हळू व्हावंच लागतं आणि आजींना पदपथाची पायरी उतरावी लागत नाही. दुभाजकात आज जी फट आहे तिच्या जागी बाबागाडी आडवी उभी राहील एवढी सुरक्षित जागा हवी. गाड्यांची थांबण्याची रेषा पट्ट्यांपासून थोडी मागे हवी, म्हणजे थांबलेल्या कारच्या आडून स्कूटर येण्याचा जो प्रकार वर सांगितला तो वेळेत दिसेल. बसथांबाही असा हवा की उतरलेला माणूस बसच्या पुढून न जाता मागून ओलांडेल. आज तो बरोबर उलटा आहे. आणि फांदी छाटून दिवा मोकळा करायला तर कुठल्याच मोजणीची गरज नाही.

मागणी करताना आपण कुणाकडे भीक मागत नाही. पुणे महापालिकेनं २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारलं आहे. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो, तेव्हा गाड्या नसलेला लक्ष्मी रस्ता कसा दिसतो ते अनेकांनी मुलांना खांद्यावर घेऊन पाहिलं आहे. पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये स्पष्ट केलं. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले ३२,८२५ पायी चालणारे होते. आणि पट्ट्यांवर असलेल्या माणसाला आधी जाऊ देणं हे चालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. पट्टेच नसले तर ते कर्तव्य तरी कुठे उभं राहणार?

तुमच्याकडून हवं आहे ते असं. येत्या गुरुवारी आणि शनिवारी, म्हणजे एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा, सकाळी बाग उघडल्यापासून दोन तास आणि संध्याकाळी पाच ते आठ मोजणी करायची आहे. एका वेळी आठ जण लागतील. चौघं वाहनांवर, दोघं ओलांडणाऱ्यांवर, एक जण घड्याळ घेऊन ताटकळण्याचा वेळ टिपायला, आणि एक जण बदली, कारण तासाभरानं डोळे थकतात. तक्ते छापून देऊ. ज्येष्ठ, लहान मुलं, बाबागाडी किंवा व्हीलचेअर असलेले यांच्यासाठी तक्त्यात वेगळे रकाने आहेत. ज्येष्ठांनी बागेच्या कट्ट्यावर बसून मोजलं तरी चालेल, ऊन लागणार नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांना रस्त्याच्या कडेला उभं करणार नाही, त्यांनी विरंगुळा केंद्रात बसून तक्त्यांची बेरीज करावी. आकडे वाढवून लिहू नका, ही कळकळीची विनंती. एक खोटा रकाना सापडला तर सगळे खरे वाया जातील.

पैशांबद्दल. क्रॉसिंग बांधण्यासाठी आम्ही वर्गणी गोळा करत नाही आणि कुणी करत असेल तर देऊ नका. ते काम सार्वजनिक पैशातूनच झालं पाहिजे. उत्साहाच्या भरात रात्री चुना-रंग घेऊन स्वतः पट्टे ओढायलाही जाऊ नका. मदत हवी आहे ती रात्री चमकणारी जॅकेट, हातात धरायचे मोजणी-यंत्राचे नग, छपाई आणि स्वयंसेवकांच्या चहा-पोह्यांसाठी. प्रत्येक सोसायटीनं ५०० रुपये द्यावेत, व्यक्तीनं जमेल ते. दुकानदारांनी पैशांऐवजी पाण्याचे जार दिले तर जास्त बरं. पावती मिळेल, आणि पै-पैचा हिशेब विरंगुळा केंद्राच्या फलकावर लागेल. जॅकेटं नंतर गणपतीच्या मिरवणुकीत कार्यकर्त्यांना उपयोगी पडतील, म्हणून ती समितीकडेच राहतील.

मोजणीत संख्या भरली नाही तर? तर तसं स्पष्ट लिहून देऊ, आणि निदान दिवा, दुभाजकातली सुरक्षित जागा आणि बसथांब्याची बदली मागू. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकात छोटी कामं सुचवता येतात, त्यासाठीही हेच तक्ते जोडू.

मोजणीनंतरच्या रविवारी सकाळी साडेदहाला विरंगुळा केंद्रात बैठक आहे. आकडे सगळ्यांसमोर वाचले जातील आणि हात वर करून निर्णय होईल. विरोध असलेल्यांनी जरूर यावं, दुकानदार मंडळींसाठी पुढच्या दोन रांगा राखून ठेवल्या आहेत. ज्यांना येणं शक्य नाही त्यांनी मत कागदावर लिहून, नाव आणि इमारतीसह, आपल्या सोसायटीच्या सचिवांकडे द्यावं. नावनोंदणीसाठी बुधवारपर्यंत रोज संध्याकाळी सहा ते साडेसात बागेच्या आतल्या बाजूला, वॉचमनच्या खोलीशेजारी टेबल असेल. समोरच्या बाजूला राहणाऱ्या ज्येष्ठांना नाव द्यायला रस्ता ओलांडून यावं लागू नये म्हणून दुसरं टेबल मेडिकलच्या ओट्यावर ठेवलं आहे.

पाऊस आला तर मोजणी पुढच्या आठवड्यातल्या त्याच वारांना होईल. छत्री घेऊन मोजायचा हट्ट करू नये.

आपली,
समन्वय समिती